१८९७ चा फूटी हंगाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नमध्ये राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात कोणीतरी विचारतं, "तू कोणाचा?" म्हणजे तुझा फूटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, क्लब कोणता. एकदा क्लब ठरला की माणूस त्याच्या इतिहासात शिरतो आणि तिथून थेट १८९७ वर येऊन थांबतो, कारण आजच्या सगळ्या विक्रमांच्या याद्या त्याच वर्षापासून सुरू होतात. त्या हंगामाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, खाचाखोचा पुढे आहेत.

१. १८९७ चा हंगाम एवढा महत्त्वाचा का मानतात?

कारण तो व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा, म्हणजे व्हीएफएलचा, पहिला हंगाम. याच लीगचं नाव १९९० मध्ये बदलून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, एएफएल, झालं. ८ मे १८९७ ला सुरू झालेल्या त्या हंगामात आठ क्लब होते आणि एसेंडनने प्रीमियरशिप, म्हणजे विजेतेपद, जिंकली. खेळ मात्र त्या वर्षी जन्माला आला नाही (प्रश्न ३). नवीन होती ती संघटना, गुण मोजण्याची पद्धत आणि हंगामाच्या शेवटी पहिल्या चार संघांची लढत.

२. मला फक्त क्रिकेट कळतं. हा खेळ रग्बीसारखा की सॉकरसारखा?

दोन्हींसारखा नाही. मैदान क्रिकेटचंच असतं, लंबगोल, आणि खेळतात हिवाळ्यात. चेंडूही लंबगोल. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण ठरावीक अंतरावर तो जमिनीवर टप्पा देऊन पुन्हा घ्यावा लागतो. पास द्यायचा तर लाथेने किंवा मुठीने मारून, फेकायला बंदी. दुसऱ्याने लाथाडलेला चेंडू हवेत झेलला की त्याला 'मार्क' म्हणतात आणि झेलणाऱ्याला अडथळ्याविना लाथ मारायची संधी मिळते. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर गोल, बाजूच्या खांबांतून गेला तर बिहाइंड. ऑफसाइड नाही.

३. मग खेळ सुरू कधी झाला?

१० जुलै १८५८ ला टॉम विल्स या क्रिकेटपटूचं पत्र मेलबर्नच्या एका क्रीडा साप्ताहिकात छापून आलं: हिवाळ्यात क्रिकेटपटू सुस्तावतात, तर एक फुटबॉल क्लब काढा. पुढच्या मे महिन्यात विल्स, हॅमर्स्ली, थॉम्पसन आणि स्मिथ यांनी मेलबर्न क्लबसाठी दहा नियम लिहिले. साल १८५९. इंग्लंडमध्ये सॉकरचे नियम फुटबॉल असोसिएशनने १८६३ मध्ये ठरवले, म्हणजे हा खेळ सॉकरहून चार वर्षांनी थोरला आहे. इंग्रजांचा खेळ वसाहतीत जाऊन बिघडला, असं समजणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

४. 'वसाहतकाळातला' असं का म्हणता? ऑस्ट्रेलिया तर होताच ना?

देश म्हणून नव्हता. व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स, साउथ ऑस्ट्रेलिया वगैरे सहा स्वतंत्र ब्रिटिश वसाहती होत्या; त्या १ जानेवारी १९०१ ला एकत्र आल्या. १८९७ ची लीग फक्त व्हिक्टोरियाची होती. ॲडलेडची लीग वेगळी, आणि तिथे त्या वर्षी पोर्ट ॲडलेड विजेता ठरला.

५. आठ क्लब कोणते आणि ते कुठे खेळायचे?

मेलबर्न एमसीजीवर, कॉलिंगवुड व्हिक्टोरिया पार्कवर, फिट्झरॉय ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हलवर, साउथ मेलबर्न लेक ओव्हलवर, सेंट किल्डा जंक्शन ओव्हलवर, कार्लटन हंगामाच्या मध्यापासून प्रिन्सेस पार्कवर (प्रश्न १६), आणि जिलाँग आपल्या गावात कोरायो ओव्हलवर. जिलाँग मेलबर्नपासून सुमारे ७५ किलोमीटर, येणं-जाणं आगगाडीने.

एसेंडनची गोष्ट गमतीची. ते एसेंडनमध्ये खेळतच नव्हते. तिथल्या नगरपालिकेला आपलं मैदान क्रिकेटसाठी राखायचं होतं, फुटबॉलवाल्यांनी ते तुडवलेलं नको होतं. म्हणून १८८२ पासून क्लब ईस्ट मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर खेळत होता. १९२१ नंतर ते मैदान रेल्वेने घेतलं तेव्हा स्वारी घरी परतली.

मैदानांची मालकी बहुतेक ठिकाणी क्रिकेटवाल्यांच्या हातात होती, हे मात्र विसरू नका. फूटीवाले हिवाळ्यापुरते पाहुणे. हंगाम संपल्यावर त्याच एमसीजीवर १८९८ च्या नववर्षाची कसोटी झाली आणि इंग्लंडकडून रणजितसिंहजी खेळले.

६. हे आठ क्लब जुन्या संघटनेतून बाहेर का पडले?

थोडक्यात उत्तर: पैसा. जरा लांबवून सांगायला हवं.

१८७७ पासून खेळाचा कारभार व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजे व्हीएफए, पाहायची. १८९६ पर्यंत तिच्यात १३ क्लब झाले होते. कॉलिंगवुड, एसेंडन, जिलाँग यांच्या सामन्यांना गर्दी लोटायची. तळाच्या क्लबांकडे ना प्रेक्षक ना गल्ला. त्यात १८९३ मध्ये मेलबर्नच्या बँका एकापाठोपाठ बुडाल्या होत्या आणि मंदी रेंगाळली होती. शिलिंगन् शिलिंग मोलाचा होता. अशा वेळी गेटवर जमलेले पैसे सगळ्या क्लबांत सारखे वाटावेत, असा प्रस्ताव असोसिएशनमध्ये पुढे आला. मोठे क्लब बिथरले. लहान क्लबांनी मतांच्या जोरावर आपल्या तिजोरीत हात घालावा, हे त्यांना मान्य नव्हतं.

दुसरं कारण दंगामस्ती. जुलै १८९६ मध्ये नॉर्थ मेलबर्नच्या मैदानावर कॉलिंगवुडविरुद्धचा सामना संपल्यावर जमाव अंपायरवर धावून गेला. वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं. सामने घरच्या माणसांना घेऊन पाहता आले पाहिजेत, म्हणजे गल्ला वाढेल, हा हिशेब त्यातून पक्का झाला.

२ ऑक्टोबर १८९६ ला सहा क्लबांचे प्रतिनिधी मेलबर्नच्या बक्स्टन आर्ट गॅलरीत बसले: कॉलिंगवुड, एसेंडन, फिट्झरॉय, जिलाँग, मेलबर्न, साउथ मेलबर्न. कार्लटन आणि सेंट किल्डाला आमंत्रण गेलं आणि लीग झाली. पहिले अध्यक्ष अलेक्झांडर मॅकक्रॅकन, एसेंडनचे बिअर कारखानदार. आणि गंमत बघा, दुसऱ्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला, कॉलिंगवुड आणि साउथ मेलबर्न यांनी जुन्या असोसिएशनच्या विजेतेपदाचा निर्णायक सामना खेळला. घटस्फोटाच्या कागदावर सह्या करून जोडीने लग्नाला गेल्यासारखं. कॉलिंगवुड ६ गोल विरुद्ध ५ असं जिंकलं.

याला 'खेळ सुधारण्यासाठी उचललेलं पाऊल' म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते सुधारणा नंतर आल्या. आधी दार बंद झालं.

७. कार्लटन आणि सेंट किल्डा तर तेव्हा दुबळे होते. मग त्यांनाच का घेतलं?

त्यांचा खेळ पाहून नव्हे. कार्लटन हा १८७७ मध्ये असोसिएशनच्या पहिल्याच हंगामाचा विजेता, जुन्या नावाचा, भरपूर चाहते असलेला क्लब. फक्त दिवस फिरले होते. सेंट किल्डाकडे जंक्शन ओव्हलसारखं चांगलं मैदान होतं आणि तिथे पोहोचायची सोय होती. दोघांचं पहिल्या वर्षी काय झालं ते प्रश्न १० आणि १३ मध्ये आहे.

८. बाहेर राहिलेल्या पाच क्लबांचं काय झालं?

फुट्सक्रे, नॉर्थ मेलबर्न, पोर्ट मेलबर्न, रिचमंड आणि विल्यम्सटाउन व्हीएफएतच राहिले. ब्रन्सविक नव्याने आलं. असोसिएशनने आपला १८९७ चा हंगाम खेळवला आणि पोर्ट मेलबर्न विजेता ठरला. पुढे रिचमंड १९०८ मध्ये लीगमध्ये आलं, नॉर्थ आणि फुट्सक्रे १९२५ मध्ये. पोर्ट मेलबर्न आणि विल्यम्सटाउन यांना ते दार कधीच उघडलं नाही.

९. गोलचे सहा आणि बिहाइंडचा एक गुण, हे १८९७ पासूनच का?

हो, आणि मैदानावर त्या वर्षी झालेला सगळ्यांत मोठा बदल हाच. त्याआधी बिहाइंड लिहून ठेवायचे, पण ते मोजायचे नाहीत. जिंकणं-हरणं फक्त गोलांवर. समजा एका संघाचे ४ गोल आणि २ बिहाइंड, दुसऱ्याचे ३ गोल आणि १५ बिहाइंड. जुन्या पद्धतीने पहिला संघ जिंकला. नव्या पद्धतीने २६ विरुद्ध ३३, म्हणजे दुसरा जिंकला. दिवसभर प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर ठाण मांडून बसलेल्या संघाला काहीतरी हाती लागायला हवं, हा विचार. बरोबरीत सुटणारे सामनेही कमी झाले.

धावफलक वाचायची रीत: ६.१३ (४९) म्हणजे ६ गोल, १३ बिहाइंड, एकूण ४९. मधला ठिपका दशांश चिन्ह नाही. शाळकरी मुलांनी भरलेल्या तक्त्यात "सहा पॉइंट तेरा" असं लिहिलेलं मी पाहिलं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

१०. हंगाम कसा झाला? गुणतक्ता द्या.

प्रत्येक क्लब उरलेल्या सातांशी दोनदा खेळला, म्हणजे १४ फेऱ्या. पहिल्या दिवशी, ८ मे ला, चार सामने झाले. फिट्झरॉयने कार्लटनला ६.१३ (४९) विरुद्ध २.४ (१६) असं हरवलं. कॉलिंगवुडने सेंट किल्डाला ५.११ (४१) विरुद्ध, पुन्हा तेच, २.४ (१६). एसेंडनने जिलाँगमध्ये जाऊन ७.५ (४७) विरुद्ध ३.६ (२४) असा विजय मिळवला. मेलबर्नने साउथ मेलबर्नला हरवलं.

१४ फेऱ्यांनंतर जिलाँग आणि एसेंडन यांचे ११-११ विजय होते आणि जिलाँग वर होता. मेलबर्न १० विजयांसह तिसरा, कॉलिंगवुड ९ सह चौथा. पाचवा साउथ मेलबर्न, सहावा फिट्झरॉय. सातव्या कार्लटनला दोनच विजय मिळाले. सेंट किल्डाला एकही नाही.

फिट्झरॉयच्या चाहत्यांनी हिरमुसू नये: पुढच्या दोन्ही वर्षी, १८९८ आणि १८९९ मध्ये, विजेते तेच.

११. ग्रँड फायनलचा स्कोअर कुठेच सापडत नाही. का?

कारण ग्रँड फायनल, म्हणजे विजेता ठरवणारा अंतिम सामना, झालीच नाही. पहिले चार संघ एकमेकांशी एकेकदा खेळणार आणि सर्वाधिक विजय मिळवणारा विजेता, अशी योजना होती. दोघांचे विजय सारखे झाले तरच निर्णायक सामना. एसेंडनने तिन्ही सामने जिंकून तो प्रश्नच निकालात काढला. जिलाँगला दोन विजय, कॉलिंगवुडला एक, मेलबर्नला शून्य. ४ सप्टेंबरला सगळं आटोपलं.

पण ही चार संघांची लढत निव्वळ उपचार होती असं नाही. असोसिएशनच्या जमान्यात एखादा क्लब ऑगस्टपर्यंत पुढे निघून गेला की उरलेल्या सामन्यांकडे कोणी फिरकत नसे. आता मात्र सप्टेंबरपर्यंत चार क्लबांचे चाहते गेटवर पैसे मोजत राहिले. प्रश्न ६ मधला गल्ला इथे पुन्हा भेटतो. ही योजना तशीच्या तशी फार टिकली नाही. १८९८ मध्ये पद्धत बदलली आणि फिट्झरॉय-एसेंडन अशी पहिली ग्रँड फायनल झाली. त्यानंतर ग्रँड फायनल नसलेलं वर्ष एकच: १९२४.

१२. एसेंडन १४, मेलबर्न ८. ही छपाईची चूक आहे का?

नाही. शेवटच्या दिवशी एसेंडनने मेलबर्नला १.८ (१४) विरुद्ध ०.८ (८) असंच हरवलं. संपूर्ण सामन्यात एक गोल. व्हीएफएल-एएफएलच्या इतिहासात इतक्या कमी गुणांवर कोणी जिंकलेलं नाही, आणि दोन्ही संघांची बेरीजही याहून कमी कधी झालेली नाही. जुन्या पद्धतीने मोजलं तरी निकाल तोच: १-०. नव्या गणितामुळे एसेंडनला विजेतेपद मिळालं, अशी एक शंका येते तिचं उत्तर यातच आहे.

गुण कमी का, याची कारणं एरवीच्या सामन्यांनाही लागू होतात. हिवाळी पावसात मैदानाचा चिखल व्हायचा आणि कातडी चेंडू पाणी पिऊन जड व्हायचा. एकेका बाजूला २० खेळाडू होते, आजच्यापेक्षा दोन जास्त, त्यामुळे गर्दी दाट. १८ चा आकडा १८९९ मध्ये आला. दमलेल्याच्या जागी बदली खेळाडूही मिळत नसे. आठ-आठ बिहाइंड सांगतात की गोलपर्यंत दोघेही पोहोचत होते, नेम तेवढा लागत नव्हता.

१३. सेंट किल्डा सगळेच सामने हरलं हे खरं?

खरं. १८९७ मध्ये १४ पैकी १४. आणि तिथेच थांबलं नाही: १८९८ आणि १८९९ धरून लागोपाठ ४८ पराभव. १८९९ मध्ये जिलाँगविरुद्ध त्यांनी अख्ख्या सामन्यात एक गुण केला, १६२ विरुद्ध १. पहिला विजय १९०० च्या पहिल्या फेरीत मिळाला, तोही सरळ नाही. मेलबर्नशी सामना बरोबरीत सुटला होता. मेलबर्नचा एक बिहाइंड घंटा झाल्यावरचा असल्याची तक्रार सेंट किल्डाने केली, ती मान्य झाली आणि एका गुणाने विजय पदरात पडला. त्या क्लबाचे चाहते आजही स्वतःवर विनोद करतात. वारसा जुना आहे.

१४. तेव्हाचे तारे कोण? त्यांना पैसे मिळत होते का?

एसेंडनचा कर्णधार जॉर्ज स्टकी. त्याच वर्षी ईस्टरला त्याने स्टॉवेल गिफ्ट ही नावाजलेली धावण्याची शर्यतही जिंकली होती, त्यामुळे मैदानावर त्याच्यामागे धावणं किती व्यर्थ असेल याची कल्पना करा. साखळी सामन्यांत सर्वाधिक गोल जिलाँगच्या एडी जेम्सचे: २२. कॉलिंगवुडचं नेतृत्व बिल स्ट्रिकलंडकडे होतं. प्रशिक्षक असा वेगळा माणूस नसे, कर्णधारच सगळं पाहायचा. पाठीवर क्रमांकही नव्हते (ते नियमितपणे आले १९१२ मध्ये), तेव्हा चाहत्यांना माणूस चालीवरून ओळखावा लागे.

पैशांचं म्हणाल तर नियमाने सगळे हौशी. मानधनाला लीगने परवानगी दिली १९११ मध्ये. त्याआधी चांगल्या खेळाडूला नोकरी लावून देणं, गुपचूप काही हातावर ठेवणं चालायचं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

१५. अल्बर्ट थर्गुड एसेंडनचा सर्वांत मोठा खेळाडू ना? १८९७ च्या यादीत त्याचं नाव का नाही?

कारण तो तेव्हा पर्थकडे होता. १८९२ आणि १८९३ मध्ये कूलगार्डी आणि कालगुर्ली इथे सोनं सापडलं, इकडे मेलबर्नमध्ये मंदी. व्हिक्टोरियातले असंख्य तरुण वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्यांच्याबरोबर फूटीपटूही. थर्गुड फ्रीमँटलकडून खेळला आणि १८९८ मध्ये परतला. त्याच्याविना एसेंडन जिंकलं, ही बाब त्या संघाबद्दल बरंच सांगते.

१६. २२ जून १८९७ ला, मंगळवारी, सामने कसे?

राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची सुट्टी होती. त्या दिवशी कार्लटनने प्रिन्सेस पार्कवर पहिला लीग सामना खेळला, कॉलिंगवुडविरुद्ध. तारीख ओळखीची वाटली असेल तर बरोबर आहे: त्याच महोत्सवाच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. एकाच राणीचा सोहळा, एका वसाहतीत फुटबॉलची सुट्टी आणि दुसरीकडे प्लेगच्या अत्याचारांचा हिशेब.

१७. हा खेळ मूळचा ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा, असं वाचलं. खरं का?

व्हिक्टोरियातल्या आदिवासी समाजांत 'मार्नग्रुक' नावाने ओळखला जाणारा चेंडूचा खेळ होता, हे निश्चित. टॉम विल्सचं बालपण आदिवासी मुलांच्या सहवासात गेलं, हेही निश्चित. त्या खेळातून १८५९ चे नियम आले का, यावर इतिहासकारांत जोरदार वाद आहे. नियम लिहिणाऱ्यांच्या कागदांत तसा उल्लेख नाही. १८९७ पुरतं उत्तर जास्त कडू आहे: लीगमधला पहिला आदिवासी खेळाडू मानला जातो तो फिट्झरॉयचा जो जॉन्सन, आणि तो आला १९०४ मध्ये.

१८. १८९७ पूर्वीची विजेतेपदं का मोजत नाहीत?

कारण ती दुसऱ्या संघटनेची होती. एवढंच. एसेंडनने १८९१ ते १८९४ अशी सलग चार विजेतेपदं जिंकली, पण त्यांच्या आजच्या १६ मध्ये ती नाहीत. यादी १८९७ पासून सुरू होते. तेच क्लब, तीच मैदानं, बरेचसे तेच खेळाडू. आदल्या वर्षी जिंकलेल्या कॉलिंगवुडचंही तेच, आणि जिलाँगचं सर्वांत जास्त, कारण १८७८ ते १८८६ दरम्यान त्यांनी सात वेळा बाजी मारली होती. नोंदी ठेवणाऱ्यांना एक रेघ कुठेतरी ओढावी लागते हे मान्य, पण ही रेघ कार्यालयात ओढलेली आहे, मैदानावर नाही.

१९. मग १४ फेऱ्यांनंतर अव्वल असलेल्या जिलाँगला १८९७ चा किमान अर्धा मान तरी द्यावा का?

त्यांच्या चाहत्यांकडून हा प्रश्न दर वर्षी येतो. साखळीत पहिला क्रमांक मिळवल्याबद्दल तेव्हा काहीही मिळत नसे. स्पर्धेची पद्धत प्रश्न ११ मध्ये आहे, ती सगळ्यांना आधीच माहीत होती. नाही.

२०. त्या हंगामाची फिल्म कुठे पाहता येईल?

फूटीची टिकून राहिलेली सर्वांत जुनी फिल्म १९०९ च्या ग्रँड फायनलची आहे. तंत्र मात्र १८९७ पूर्वीच मेलबर्नला पोहोचलं होतं. मारियस सेस्टिए नावाचा फ्रेंच माणूस जुलै १८९६ मध्ये मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवत होता. तिथून तो जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने मेलबर्न कपची घोड्यांची शर्यत चित्रित केली. घोडे टिपले गेले, फूटीवाले राहिले. १८९७ साठी वर्तमानपत्रंच वाचावी लागतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या संकेतस्थळावर 'आर्गस' आणि 'एज' चे जुने अंक फुकट आहेत. सोमवारचे अंक उघडा, शनिवारच्या सामन्यांचं सविस्तर वर्णन त्यांत मिळतं.

२१. आमचा मुलगा हॉथॉर्नचा, मी सिडनी स्वान्सची. आमचे क्लब १८९७ मध्ये कुठे होते?

मुलाचा क्लब तेव्हा नव्हताच. आजचा हॉथॉर्न १९०२ चा आणि लीगमध्ये आला १९२५ मध्ये, नॉर्थ मेलबर्न आणि फुट्सक्रेबरोबर. तुमचा मात्र पहिल्या आठांत होता: साउथ मेलबर्न १९८२ मध्ये सिडनीला गेलं आणि स्वान्स झालं. असाच प्रश्न ब्रिस्बेन लायन्सचे चाहते विचारतात. फिट्झरॉय १९९६ च्या हंगामानंतर ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन झालं. बाकीचे सहा क्लब आजही आपापल्या नावाने खेळतात.